येते गं

इंदुमतीबाई घराबाहेर पडताना 'जाते' असं कधीच म्हणाल्या नाहीत. चार मिरच्या आणायला निघाल्या तरी "येते गं." शेवटच्या दिवशी अशोका गार्डनमधल्या घरातून स्ट्रेचरवर नेलं, तेव्हाही. कान ठार गेलेले, आवाज मात्र खणखणीत. "येते गं अपर्णा." आणि आल्या नाहीत.

त्याला अठरा वर्षं झाली. अपर्णा आता कोलार रोडला राहते. हे घर आईने पाहिलंसुद्धा नव्हतं. गेल्या दोन वर्षांत आधी शुगर निघाली, मग कान गेले. कानाला मशीन लागलं. तपासण्या बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेशींना ताकद देणाऱ्या भागातच दोष आहे. ये माँ से ही आता है। मेटफॉर्मिन आजपासून बंद, इन्शुलिन सुरू. ह्यात ती गोळी धोक्याची, रक्तात आम्ल साचतं."

आईला शुगरसाठी तीच गोळी अपर्णाने सहा वर्षं स्वतःच्या हाताने भरवली होती. एक दिवस चुकू दिला नव्हता, आणि केवढा तोरा होता त्याचा! मेला तो नेमकेपणा.

सोळा वर्षांच्या लेकीचं, मधुराचंही रक्त तपासायला गेलं. रिपोर्टला महिना लागणार होता.

"माझं काय व्हायचं ते होवो," अपर्णा नवऱ्याला म्हणाली. "पोरीत नको रे, सुयश."

त्याच आठवड्यात ती दुपारी मशीन काढून आडवी झाली होती. मशीन नसलं की तिला कुकरची शिट्टीही ऐकू येत नसे. पण खालच्या फाटकातून स्वच्छ ऐकू आलं, "येते गं."

"कान वाजतात तुझे," सुयश म्हणाला. डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या. इन्शुलिन दोन युनिटं वाढवलं, ताकदीच्या गोळ्या दिल्या. अपर्णा सगळं वेळेवर घेई. आवाज जिन्यात आला. मग दाराबाहेर, चपलांपाशी.

"नको गं आई, येऊ नकोस," ती रडत म्हणायची. आपल्याच आईला असं म्हणताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एका मंगळवारपासून आवाज थांबला. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. शुक्रवारी अपर्णाने घरात कित्येक दिवसांनी शिरा केला.

शनिवारी सकाळी सुयश रिपोर्टचं पाकीट घेऊन आला. दार उघडंच राहिलं. मधुरा पाठमोरी वाचत बसली होती.

"मधुरा."

मान हलली नाही.

"मधू! अगं, रिपोर्ट आला."

काही नाही. अपर्णाचा हात कानाकडे गेला. मशीन जागेवर होतं, चालू होतं. वरचा पंखासुद्धा ऐकू येत होता. सुयशच्या हातातलं पाकीट अजून बंदच होतं.

मग मधुराने आपणहून मान वर केली आणि रिकाम्या दाराकडे पाहिलं.

"मम्मी, देख ना," ती जरा जास्तच मोठ्याने म्हणाली, "कुणीतरी 'आले गं' म्हणतंय."