कादंबरी झाल्याबिगर लग्न न्हाई

"थांब ना जरा… इतकी काय घाई?" मी म्हणाले, आणि पूर्णा स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवरून चाललेला एक अनोळखी माणूस खरंच थांबला.

"मला म्हणलात?"

आता याला काय सांगायचं? मी माझ्याच कादंबरीतले संवाद मोठ्यानं वाचत होते. दुरुस्त्या करताना मला ती सवयच आहे. कानाला खोटं वाटलं की वाक्य खोडायचं. घरी असं एकटीनं बोलत बसलं की आई काळजीनं बघत राहते, म्हणून मी स्टेशनवरचा बाक धरला होता.

"न्हाई… माझ्या नायकाला म्हणलं." मी पानं दाखवली.

"मग थांबला का तो?"

"तो कुठला थांबतोय! तुमीच थांबलात."

तो हसला. गालाला खळी पडली… आणि माझं पुढचं वाक्य हरवलं. धम्मानंद नाव त्याचं, मालगाडीवर गार्ड. "आमची गाडी निघायला टाइम हाय. बसू का?" म्हणाला, आणि मधे माझी पिशवी राहील एवढी जागा सोडून बसला. मग ड्यूटी संपली की तो रोजच बाकावर येऊ लागला, आणि पुढे पुढे पिशवी माझ्या मांडीवर आली.

इथं घरातली भानगड सांगायला हवी. तीन वर्षांपूर्वी स्थळं यायला लागली, तेव्हा मी पप्पांना ठणकावलं होतं, "कादंबरी झाल्याबिगर लग्न न्हाई!" पप्पा शाळेत मास्तर, लिहिण्याचा मान ठेवणारे, कबूल झाले. तेव्हापासून मी दुरुस्त्याच करत होते. निम्म्या कादंबरीला हव्या होत्या, निम्म्या मला. गल्लीत कुणीही भेटलं की विचारायचं, "संघप्रिया, कादंबरी झाली का?" आणि मी म्हणायची, "शेवटचं प्रकरण राहिलंय."

यंदा पप्पांचा धीर सुटला. "नवीन साल लागायच्या आत संपव. सोनपेठचं स्थळ हाय, पोरगा बँकेत हाय. ती झाली की एक तारखेला मी त्यांना फोन करणार."

आणि हे नेमकं त्याच डिसेंबरात, जेव्हा मला पहिल्यांदाच ती संपवावीशी वाटत होती! संपवली तर सोनपेठचे येणार. नाही संपवली तर… धम्मानंदलाही मी माझी अट सांगून बसले होते. इकडे आड, तिकडे विहीर.

"घाई करू नका," तो हुरड्याची पुडी माझ्यापुढे सरकवत म्हणायचा. "मालगाडीवरचा माणूस हाय मी. आधी एक्सप्रेस जाऊ द्यायची, मग पॅसेंजर, मग आपण. थांबायची लय सवय हाय."

मला असा राग यायचा! आणि तो उठून गेला की बाक लगेच गार वाटायचा. मी प्रेमात पडले होते, सरळ सरळ.

एकतीस तारखेला दुपारी तो ड्यूटी संपवून आला.

"कुठवर आली कादंबरी?"

"झाली."

पुडी सोडणारा त्याचा हात थबकला. "कधी?"

"आज सकाळी. घरी सांगितलं न्हाई अजून… सांगितलं की सोनपेठला फोन जातोय."

त्यानं पुडी तशीच परत बांधली. मग हळूच म्हणाला, "मग… अजून एकदा दुरुस्त करा की."

"न्हाई करणार! चांगली झालीय ती. आता हात लावला तर बिघडंल." माझा आवाज चढला, डोळेही भरले. "तुमी बसा थांबत. एक्सप्रेस जाऊ द्या, पॅसेंजर जाऊ द्या… सोनपेठचं स्थळ बी जाऊ द्या पुढं!"

तो ताडकन उठला. "चला."

"कुठं?"

"तुमच्या घरी. पप्पांना मी सांगतो."

वाटभर तो काय बोलायचं ते पुटपुटत होता. पप्पांनी दार उघडलं. धम्मानंदनं "जय भीम" घातला… आणि पुढं त्याची दातखीळच बसली. घाम फुटला बिचाऱ्याला, तोही भर थंडीत. शेवटी मीच तोंड उघडलं.

"पप्पा, कादंबरी झाली. सोनपेठला फोन करू नका. मला हे आवडतात."

पप्पांचा चेहरा उजळला. ते घरात आईकडं वळून मोठ्यानं ओरडले, "सुकेशनी, ऐकलं का! आपल्या पोरीची कादंबरी झाली!"

मग सावकाश आमच्याकडे वळले. "आन्… ते दुसरं काय म्हणलीस?"

मी परत सांगितलं. या वेळी धम्मानंदकडे बघून.