सातव्या रेच्याचा हाव

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा.

एक लांबच लांब पत्र्याची शेड आहे. आत एका रांगेत बारा यंत्रं. प्रत्येक यंत्रासमोर एक बाई. तोंडाला फडकं बांधलेलं, भुवयांवर पांढरी रुई साचलेली. यंत्र कापूस ओढून घेतं, पुढून रुई उडते, खाली सरकी पडते. त्या यंत्राला आम्ही रेचा म्हणायचो. बारा रेचे चालू असले की शेजारणीचं बोलणंही ऐकू येत नाही.

आणि दुपारच्या सुट्टीत ते सगळं एकदम थांबतं...

आली ती शांतता ऐकू? आपल्याला तिथेच जायचं आहे.

मी छत्तीस वर्षं मुलांना शिकवलं. तुम्हाला घाबरवण्यासाठी मी काही रचणार नाही. आयुष्यात एक मोठं खोटं बोलले, तेही एकाच शब्दाचं. त्याचीच ही हकीकत आहे.

अकोला. १९५८ सालच्या जानेवारीतला शनिवार. रेल्वे लाइनीपलीकडची एक जिनिंग फॅक्टरी. तिचं नाव सांगत नाही. तिथल्या माणसांची नातवंडं अजून गावात आहेत.

मी दहा वर्षांची होते. नाव अनसूया. माझी माय, पार्बताबाई, आठव्या रेच्यावर कामाला होती. सातव्यावर माणिकमावशी. सख्खी मावशी नव्हे, पण त्या दोघींची जोडी होती. एकीच्या अंगात ताप असला तर दुसरी दोन्ही रेचे सांभाळायची.

शेडमध्ये एक रीत होती. सुट्टी संपली की मोतीराम मुकादम दाराशी उभा राहून रेच्यांचे आकडे पुकारी, आणि त्या रेच्यावरची बाई 'हाव' म्हणे. हाव म्हणजे हो, आहे मी.

"एक!"

"हाव!"

"दोन!"

"हाव!"

बारा हाव झाले की तो लाल फडकं हलवी. मग पलीकडच्या खोलीतला इंजिनवाला इंजिन सुरू करी. एकही हाव कमी पडला तर इंजिन सुरू होत नसे, आणि त्या बाईची अर्धी हजेरी बुडे.

म्हणून बायकांनी आपली दुसरी रीत पाडली होती. कोणी बाहेर लिंबाखाली लेकराला पाजत असली, तर शेजारीण तिचा हाव देऊन टाकी. फडक्याआडून सगळे आवाज सारखेच. कोणाला त्यात वावगं वाटत नसे. एकमेकींना सांभाळून घ्यायची ती पद्धत होती.

मला नकला छान यायच्या. माणिकमावशीच्या छातीत रुई बसली होती. हाव म्हणायच्या आधी ती बारीक खोकायची.

"खुक्... हाव."

मी ती नक्कल केली की साऱ्या जणी पोट धरून हसायच्या.

"काय वं कार्टे, माह्यापेक्षा तूच चांगली खोकतं!" मावशी म्हणायची. "उद्यापासून तूच येत जाय, मी घरी झोपतो."

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मी मायची भाकर घेऊन गेले. ती जेवली. सुट्टी संपत आली होती.

"बस इथं. पानी पिऊन येतो," म्हणून माय नळाकडे गेली.

मोतीराम पुकारू लागला. चार झाले, पाच झाले, सहा झाले.

"सात!"

सातव्या रेच्यासमोर कोणी नव्हतं.

मला वाटलं, मावशी लिंबाखाली असेल.

"सात! ओ माणिकबाई!"

मी मायचं फडकं तोंडावर धरलं...

"खुक्... हाव."

एवढ्यात माय धावत आली. तिने आपला हाव दिला. नऊ. दहा. अकरा. बारा.

लाल फडकं हललं.

मावशी लिंबाखाली नव्हती.

तिच्या रेच्याखाली सरकी तुंबली होती. जमिनीवरची फळी उचलून ती खालच्या चरात उतरली होती, जिथे इंजिनाचे पट्टे फिरतात तिथे. आपण हाव दिला नाही तर इंजिन सुरू होत नाही, हे तिला ठाऊक होतं. त्याच भरवशावर ती खाली गेली होती.

खालून तिने स्वतःचाच आवाज ऐकला असेल का?

हा प्रश्न मला अजूनही सुटत नाही.

तिला वर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं. मॅनेजरने मोतीरामला धरलं. मोतीराम रडत होता.

"सातचा हाव म्या आयकला, साहेब! खोकला बी आयकला!"

"मग कोणी दिला तो?"

सगळ्या बायकांनी शपथेवर सांगितलं, आम्ही दिला नाही. खरंच होतं ते. मला कोणी विचारलंच नाही. मोतीरामने सातच्या हावची वाट न बघताच फडकं हलवलं, असं ठरलं. त्याला कामावरून काढलं. पुढच्या शनिवारी हवालदार येऊन सगळ्यांचे जबाब लिहून घेणार होते. मोतीराम तुरुंगात जाणार, असं सारे म्हणत.

तो रोज फाटकापाशी बसून राही. "म्या आयकला," येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

मी गप्प राहिले.

सोमवारी शाळेत वामनराव गुरुजी हजेरी घेत होते.

"अनसूया..."

मी तोंड उघडलंही नव्हतं.

माझ्या पाठीमागून आवाज आला...

"खुक्... हाव."

वर्ग हसला. "हजर म्हण," गुरुजी म्हणाले. "ही काय जिनिंग आहे?"

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

मंगळवारी मला ताप भरला. दोन दिवस मी घरी होते. गुरुवारी शाळेत गेले आणि गुरुजींना म्हणाले, दोन दिवस आले नाही.

गुरुजींनी हजेरीपट पाहिला. "होतीस की! दोन्ही दिवस आवाज दिलास. खोकला अजून गेला नाही का तुझा?"



मी तिचा हाव दिला होता... आता ती माझा देत होती.

त्याच संध्याकाळी मी विहिरीवरून पाणी घेऊन येत होते. माय माझ्यापुढे दारात पोचली होती. मी घरातच आहे असं तिला वाटलं.

"अनसू, हाय का वं घरात?"

आतून उत्तर आलं.

खोकला... आणि मग हाव.

माय जागच्या जागी थिजली. हळूच वळली. मी तिच्यामागे अंगणात उभी होते, डोक्यावर भरलेली घागर.

 

"त्या दिवशी..." ती म्हणाली. "तो तू होती?"

मी मान हलवली.

 मायने मला घट्ट जवळ ओढलं. "कोनाले सांगू नको. तुले नेतीन ते. माहं बी काम जाईन. गप राय, बाई."

शनिवारी मी पुन्हा भाकर घेऊन गेले. हवालदार वही उघडून दारापाशी बसले होते. मोतीराम त्यांच्या पायाशी उकिडवा बसला होता. सातवा रेचा बंद होता, त्यावर गोणपाट टाकलेलं. नव्या मुकादमाने पुकारायला सुरुवात केली.

"सहा!"

"हाव!"

त्याने सात गाळला. "आठ" म्हणायला तोंड उघडलं...

गोणपाटाखालून कोणीतरी बारीक खोकलं.

"हाव."

अकरा बायकांनी माना खाली घातल्या. मुकादमाच्या हातातलं फडकं गळून पडलं. हवालदारांनी वर पाहिलं. "कोण बोललं?"

 मायने माझं मनगट आवळून धरलं होतं.

तो आवाज कोणाचा, हे मला आजही सांगता येत नाही. पुढे शिक्षिका झाल्यावर मी हजेरी कधी कानांनी घेतली नाही, चेहरा बघूनच घेतली. तरी वलगावच्या शाळेत एकदा पटावरचा सातवा मुलगा आजारी होता, आणि संध्याकाळी पाहते तर त्याच्या नावापुढे माझ्याच हाताने हजरची खूण केलेली. ती मी कोणाचा आवाज ऐकून केली, मला आठवत नाही.

पण तुम्हाला त्या शनिवारच्या दहा वर्षांच्या अनसूयेचं पुढे काय झालं ते हवं आहे. सांगते.

तिने मायच्या हातातून मनगट सोडवलं. सातव्या रेच्यापाशी गेली. गोणपाटाकडे पाठ करून उभी राहिली. 

"पुन्हा पुकारा," ती म्हणाली.

मुकादमाने हवालदारांकडे पाहिलं. मग पुटपुटल्यासारखं म्हणाला, "सात..."

ती खोकली नाही. तोंडावर फडकं धरलं नाही. मोतीरामकडे बघत, आपल्या स्वतःच्या आवाजात तिने सांगितलं,

"सातवर कोनी नाई. त्या दिवशीचा हाव म्या देल्ला होता."