वितळणारा बर्फ हवाय

मावशी आणि तो पहिल्यांदा भेटले ते एकमेकांवर आदळूनच. तिच्या हातात काठोकाठ भरलेला टब, त्याच्या खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी आणि शाळेचा जिना हा असा अरुंद. अर्धं पाणी तिच्या कपड्यांवर गेलं, अर्धं त्याच्या चपलांत.

"बघून चाला की," मावशी म्हणाली.

"मान वळत नाही, बाई. या बाजूला तीस किलो आहे."

दुसरी कुणी असती तर लाजली असती, नाही तर भांडली असती. माझ्या मावशीनं लादीला बोट लावून विचारलं, "हा वितळायला किती वेळ घेतो?"

त्याचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्याच्या खानदानावरच शंका घेतली. "आमचा बर्फ वितळत नाही. संध्याकाळपर्यंत जागचा हलणार नाही."

"मग माझ्या काय कामाचा?"

आता, मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. राहते आमच्या घरी, शिकवते आमच्याच शाळेत, भूगोल. त्यामुळे सकाळी तिनं माझी वेणी ओढायची आणि अकरा वाजता मी तिला निमूटपणे 'बाई' म्हणायचं. तिची नोकरी या वर्षापुरतीच होती. शुक्रवारी तपासनीस येऊन आमच्या नववीवर तिचा पाठ बघणार होते. पसंत पडला तर नोकरी कायम. नाही तर सत्र संपलं की बाडबिस्तरा गुंडाळून दुसऱ्या गावी.

आणि पाठ कुठला, तर बर्फाच्या चादरी वितळल्या की समुद्राची पातळी कशी वाढते. प्रयोग तसा सोपा. दोन टब घ्यायचे. एकात बर्फ पाण्यावर तरंगता सोडायचा, हा समुद्रातला. दुसऱ्यात मधोमध विटा रचून त्यांवर बर्फ ठेवायचा, हा जमिनीवरचा. दोन्हीकडे पाण्याच्या पातळीला लाल रेघ मारायची. बर्फ वितळला की पहिल्या टबात पाणी रेघेवरच राहतं, दुसऱ्यात रेघेच्या वर चढतं. फक्त हे सगळं पस्तीस मिनिटांच्या तासात बसवायचं. घरच्या फ्रिजमधला बर्फ बसमध्येच संपायचा. म्हणून मग हा, शाळेच्या कॅन्टीनला बर्फ पुरवणारा.

सोमवारी त्यानं विटेएवढा एक तुकडा आणला. काचेसारखा स्वच्छ. मधल्या सुट्टीत मावशीनं रंगीत तालीम घेतली. सुट्टी संपली, घंटा झाली, आणि तुकडा आपला विटांवर नवरदेवासारखा बसलेला.

"म्हटलं होतं ना," तो दारातून कौतुकानं म्हणाला.

मावशीनं कपाळाला हात लावला. "अहो, मला वितळणारा बर्फ हवाय. वि-त-ळ-णा-रा."

"बाई, बर्फ वितळला म्हणून आजवर पुष्कळ शिव्या खाल्ल्यात. वितळत नाही म्हणून... आज पहिल्यांदाच."

मंगळवारी त्यानं शहाण्यासारखे बारीक खडे आणले. मावशीनं रेघा मारल्या आणि ती घड्याळ आणायला गेली. परत येते तर पहिल्या टबातला सगळा बर्फ पाण्याबाहेर, ओल्या गोणपाटात नीट झाकलेला.

"हे कुणी केलं?"

"मीच," तो म्हणाला. "पाण्यात ठेवला की भराभर संपतो. मला बघवेना."

"आणि माझी रेघ?"

"रेघ आहे की तिथंच."

"रेघ तिथंच आहे हो, पाणी खाली गेलं."

मला हसू आलं. मावशीनं माझ्याकडे असं बघितलं की मी ताबडतोब पुस्तकात तोंड घातलं.

बुधवारी शाळा सुटल्यावर मात्र तिनं त्याला पहिल्या बाकावर बसवलं. गुडघे आत मावेनात, तरी बसला. "सांगा, पाणी कुठल्या टबात वाढेल?"

"तरंगणाऱ्या. एवढा बर्फ वितळल्यावर त्याचं पाणी जाईल कुठं?"

"बघूच."

अर्धा तास दोघं समोरासमोर. मी मागच्या बाकावर गणितं सोडवत होते, म्हणजे वही उघडून बसले होते. खिडकीतून ऊन तिरपं आत आलेलं, खडे पाण्यात किणकिणत होते.

"पाण्याकडे बघा," मावशी म्हणाली.

"बघतोय की."

"पाणी इकडे आहे."

"हो... दिसलं."

बर्फ संपला. पाणी रेघेवर, केसभरही वर नाही. त्यानं वाकून रेघेवरून बोट फिरवलं. "जन्म गेला बर्फात, आणि हे ठाऊक नव्हतं."

"तरंगणाऱ्यानं पाण्यात आपली जागा आधीच घेतलेली असते," मावशी समजावायला लागली. "वितळल्यावर तो तेवढीच जागा भरतो. बाहेरून नव्यानं येतो ना, तो... तो सगळं वर चढवतो."

आणि ती लाल झाली. भूगोलाच्या वाक्यावर लाजणारी बाई मी तरी आजवर पाहिली नव्हती.

कॅन्टीनला बर्फ लागतो आठवड्यातून दोनदा. हा रोज उगवायला लागला. वर्गातल्या मुलींनी त्याचं नाव हिमनग ठेवलं. घरी आईनं विचारलं, "कोण गं तो?" तर मावशी म्हणते, "बर्फाचं काम आहे, ताई." शंभर मुलींना कळलेली गोष्ट या दोघांना कळत नव्हती. कळत असली तरी बोलायला कुणी तयार नाही. माझा जीव नुसता मेटाकुटीला आला.

शुक्रवार उजाडला तो नेमका ढगाळ आणि गारठलेला. तपासनीस मागे बसले, शेजारी आमच्या मोठ्या बाई. पहिला टब वेळेत झाला, पाणी रेघेवर. दुसऱ्यात मात्र विटांवरचा बर्फ हलायला तयार नाही. पाणी चढलं असेल नसेल.

"दुसरं निरीक्षण?" तपासनीसांनी विचारलं.

"थोडा वेळ—"

"सहा मिनिटं आहेत, बाई."

मावशीचा हात फळ्यावर तसाच थांबला. ते मला दिसलं तसं दारात उभ्या असलेल्यालाही दिसलं असणार. कारण तो कुणाला न विचारता आत आला, बाह्या वर सारल्या आणि दोन्ही उघडे तळवे बर्फावर दाबून धरले. बर्फाला पाण्याचीही झळ लागू न देणारा हा माणूस.

मावशीनं खडू खाली ठेवला आणि वर्गाला विचारलं, "बर्फ वितळायला काय लागतं?"

"उष्णता, बाई."

"मग बसलात काय?"

सगळा वर्ग टबाभोवती कोसळला. "हात पाण्यात घालू नका," मी ओरडत होते, "पातळी खोटी चढेल." आळीपाळीनं तळवे, त्यानं आपले दोन मात्र एकदाही उचलले नाहीत. विटांवरून धारा लागल्या. पाणी रेघ ओलांडून सरकलं, मग आणखी वर... चांगलं बोटभर वर. तपासनीसांनी चष्मा काढून वाकून पाहिलं, मागच्या बाकावरच्या मुलीला तीन प्रश्न विचारले, तिनं तिन्हींची उत्तरं बरोबर दिली. जाताना ते मोठ्या बाईंना एवढंच म्हणाले, "यांना जाऊ देऊ नका."

प्रयोगशाळेत मी टब घासत होते. घासायला काही उरलं नव्हतं तरी घासत होते. पलीकडे मावशी त्याचे हात कोरड्या टॉवेलात धरून चोळत होती.

"अक्कल आहे का काही? बोटं निळी पडलीत."

"तुम्ही गेला असतात," तो म्हणाला.

"काय?"

"पाठ बिघडला असता तर तुम्ही... दुसऱ्या गावी गेला असतात."

टॉवेल थांबला.

"म्हणून?" मावशी म्हणाली.

"म्हणूनच." मग मी घासत असलेल्या टबाकडे बघत, "आता बर्फ लागणार नाही ना?"

"पुढच्या वर्षीच. नव्या नववीला."

"वर्ष... लांब आहे."

"फार लांब आहे," मावशी वैतागून म्हणाली. "म्हणून परवा रविवारी घरी या. रिकाम्या हातानं."

"तुमच्या ताईंनी विचारलं, काय काम काढलंत, तर?"

"तर म्हणायचं, हिला मागणी घालायला आलोय." ती टॉवेलाकडे बघत होती. "की तेही मीच सांगू?"

"नको," तो म्हणाला. "एवढं मी सांगतो."