बुजवलेली सात भोकं

वीज गेली म्हणून कुरकुरू नका रे. ओशमध्ये हिवाळ्यात वीज येते तीच पाहुण्यासारखी, चहा प्यायला. भट्टीत निखारे आहेत, किटली गरम आहे आणि तुमचं डोकं खायला मी आहे. सरका जवळ. एमिल, तू दाराकडे पाठ करून बसलायस... नाही नाही, बस की. मी सहज म्हटलं.

बघा, उठलाच! एवढा मिशीवाला गडी!

आता ऐका. हे मी पाहिलेलं नाही, शेरमातनं सांगितलेलं आहे. शेरमात म्हणजे आपला बाजारातला जुन्या नाण्यांचा व्यापारी, दात सोन्याचे नि जीभ त्याहून पिवळी. गिऱ्हाइकाशी तो रोज खोटं बोलतो. माझ्याशी बोलत नाही, कारण मला लगेच कळतं. त्या खेळातला मी त्याच्याहून जुना खेळाडू आहे. शाळा मी सातवीत सोडली. खरं तर शाळेनंच मला सोडलं, मास्तरांच्या टोपीत बेडूक निघाला होता.

तर शेरमातला गुल्चापलीकडच्या एका गावात एक सर मिळाला. वेणीच्या टोकाला बांधतात तो नाण्यांचा सर, तुमच्या पणज्या बांधायच्या. बाई चालली की मागून किण किण वाजायचं, घरातल्या गडीमाणसांना कळायचं की कोण येतंय, जिभा आवरा. काळ्या लोकरीच्या दोऱ्यात सात नाणी. मधोमध कोकंदच्या खानाचा सोन्याचा तिल्ला. भोवती बुखाऱ्याच्या अमीराचे चांदीचे तंगे, झारचं डोकं असलेला रुबल, आणि शेवटी एकोणीसशे चोवीस सालचा अर्धा रुबल. त्यावर माझ्यासारखाच एक लोहार ऐरणीवर घण घालतोय, फक्त त्याला केस जास्त आहेत. त्या घरात आलेल्या प्रत्येक नवरीनं एकेक नाणं वाढवलेलं. खान गेला, अमीर गेला, झार गेला, सर आपला वेणीत.

मालकीण कालियचा-अपा, अख्ख्या गावाची आजी. ऐंशीच्या पुढची. घरात मुलगी नाही, नात नाही, सर द्यायचा कुणाला? दोन वेण्यांचे दोन सर होते तिच्याकडे. तिनं एकच दिला. म्हणाली, "पैशाचं राहू दे. हा कुणाच्या केसात जाणार आहे, ते सांग."

शेरमात म्हणाला, "अपा, माझ्याच पोरीच्या. अय्पेरी नाव तिचं, अकरा वर्षांची. शप्पथ."

"तोडू नकोस हां."

"छे छे!"

ओशला आला आणि त्याच संध्याकाळी दोरा कापला. कारण नाणी गोळा करणाऱ्या हौशी लोकांना भोक चालत नाही. भोक पडलं की नाण्याची किंमत चौथाईवर येते. बिश्केकहून एक बडं गिऱ्हाईक तेरा तारखेला येणार होतं. मग भोकं बुजवायला शेरमात कुणाकडे आला?

माझ्याकडे. हसू नका. सातही भोकं मीच बुजवली. चांदीत चांदी, सोन्यात सोनं. वरून घासून, धूर देऊन जुनं केलं. भोक कुठं होतं ते भिंगातून माझं मलाच सापडत नव्हतं. फार खूश होतो मी. सोमवारी काम केलं, मंगळवारी दिलं. त्यानं नाणी डबीत घालून पोरीच्या पलंगाखाली ठेवली, चोर तिथं बघत नाही म्हणून.

बारा डिसेंबर, गुरुवार. शेरमातच्या मनात आलं, दुसराही सर आणावा, गिऱ्हाईक उद्याच येतंय. दुपारी निघाला. उजव्या स्टिअरिंगची त्याची जपानी गाडी, चियिर्चिकचा घाट, रस्ता कोरडा, बर्फ फक्त कडेला. सात वाजता पोचला. अंगणात मांडव होता, आणि बायका हळू आवाजात रडत होत्या.

कालियचा-अपाला मंगळवारी पुरलं होतं.

सून गुल्झिना बाहेर आली. "या, दादा. चहा शेजाऱ्यांकडचा आहे. आमच्याकडे तीन दिवस चूल नाही."

शेरमातनं पाव मोडला, हात उचलून दुवा म्हटली. रीत म्हणजे रीत. मग खाकरला. "तो दुसरा सर..."

"तो तिच्या वेणीत होता. आंघोळ घालताना काढून या खुंटीवर टांगला. काल सकाळी बघते तर खुंटी रिकामी." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "अपा शेवटपर्यंत एकच विचारत होती. त्या पोरीनं सर घातला का?"

आता माणसानं अशा घरात तरी गप्प बसावं की नाही? शेरमात म्हणाला, "घातला तर! काढतच नाही ती."

निघताना त्यानं घरी फोन लावला. अय्पेरीनं उचलला. "बाबा, आई बोर्सोक तळतेय. गुरुवार ना! सगळं घर वासानं भरलंय."

गुरुवारी पिठाचे गोळे तळायला आपण तेल कशाला तापवतो, सांगायला नको. वास गेलेल्यांना पोचावा, त्यांनी घरी यावं, म्हणून. त्या रात्री अपाच्या घरी तेल तापलं नव्हतं. कुठं तापलं होतं, ते समजलं ना?

चहा घ्या. गार होईल.

घाट चढायला लागला तेव्हा पावणेदहा झाले होते. रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिसऱ्या वळणावर मागून आवाज आला.

किण.

त्याला वाटलं, मागं पान्हा लोळत असेल. पुढचं वळण आलं. किण... किण. गाडी डावीकडे वळली की वाजायचं, उजवीकडे वळली की नाही. दोन वेण्यांतल्या एकीलाच सर असला ना, की असंच वाजतं. एकाच बाजूनं.

त्यानं गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.

गप्प.

मागं वळून पाहिलं. सीट रिकामी. फक्त वास येत होता. तळणीचा... गरम तेलाचा. गाडीत.

पुन्हा निघाला. किण किण किण. दुवा म्हणायला लागला, अर्ध्यात विसरला. वर घाटमाथा दिसायला लागला. दहा वाजून वीस मिनिटांनी आवाज थांबला. पूर्ण थांबला. वासही गेला.

शेरमातला हायसं वाटलं. गाणं म्हणायला लागला म्हणे! गाढव. गेली, म्हणजे कुठं गेली, हे विचारायला नको?

घाटमाथ्यावर एकाच वळणाला रेंज येते. तिथं फोन वाजला. अय्पेरी.

"बाबा, तुम्ही अपाला पाठवलंत का?"

"कोण... कोण अपा?"

"म्हातारी आहे. पांढरं फडकं बांधलंय. माझे केस विंचरतेय." पोरगी हळू बोलत होती. "हात फार गार आहेत तिचे."

"आईला फोन दे."

"आई झोपलीय. हाका मारल्या... उठत नाही."

"अय्पेरी, ऊठ. बाहेर पळ. शेजारी जा!"

फोनमध्ये फणीचा सरसर आवाज. मग...

"नाही उठता येत, बाबा. तिनं केस धरलेत."

शेरमातनं फोन कानाशी घट्ट दाबला.

"ती विचारतेय, तुम्ही काय कबूल केलं होतंत?"

रेंज गेली.

त्यानंतर तो कसा उतरला, त्याला आठवत नाही. नमाज न पढणारा माणूस, प्रत्येक वळणावर देवाला सांगत होता, सोनं घे, गाडी घे, दात घे. पोरगी नको. पोरगी नको.

बारा वाजून पाच मिनिटं. घराचं दार आतून बंद. त्यानं खांद्यानं फोडलं.

बायको भिंतीशी गाढ झोपलेली.

पोरगी पलंगावर. उताणी. डोळे मिटलेले.

"अय्पेरी..."

त्यानं तिचा खांदा हलवला.

"अय्पेरी!"

...

"हं," पोरगी म्हणाली. कुशीवर वळली.

किण.

तिच्या केसांच्या दोन वेण्या घातलेल्या. घट्ट, जुन्या पद्धतीच्या, अशा आता कुणाला येत नाहीत. उजव्या वेणीच्या टोकाला काळ्या लोकरीच्या दोऱ्यात सात नाणी. डाव्या वेणीला काहीच नाही. पलंगाखालची डबी बंद होती. आत रिकामी.

पोरीनं झोपेतच सांगितलं, "अपा म्हणाली, आता बाबांचं बोलणं खोटं राहिलं नाही."

तेरा तारखेला बिश्केकचं गिऱ्हाईक आलं आणि शिव्या देऊन परत गेलं. पण त्याच्याआधी, सकाळी सातला, शेरमात पोरीला घेऊन माझ्या या दारात उभा होता. मी म्हटलं, काय रे, सोन्याचे दात चोरीला गेले की काय? तो हसला नाही. पोरगी पाठमोरी उभी केली, वेणी माझ्या हातात दिली.

मी भिंग लावलं. नाणी तीच होती, सोमवारी माझ्या हाताखालून गेलेली सातही.

पोरांनो, मी चेष्टेखोर माणूस आहे. तुमच्या आज्यांनाही मी घाबरवलंय. पण धंद्यात मी थट्टा करत नाही. भोक नव्यानं पाडलं तर कड धारदार राहते, नखाला लागते. बुजवलेलं पुन्हा फोडलं तर माझ्या चांदीचा काहीतरी कण राहतो, गोल खूण राहते. दोऱ्यानं झिजलेलं भोक वेगळंच. कड लोण्यासारखी मऊ, आणि एका बाजूला ओढलेली, वजन लोंबतं त्या बाजूला. त्याला हत्यार नाही. त्याला वेण्या लागतात. शंभर वर्षं.

सातही भोकांवरून मी नख फिरवलं.

एकदाही लागलं नाही.