अकराव्या प्रकरणातली उलटतपासणी

कीर्तनातलं एखादं आख्यान मनात भरलं, की उर्मिलाबाई आठवडाभर ते सांगत फिरायच्या. या खेपेला मात्र त्यांना झपाटलं होतं सौंसरच्या वाचनालयातल्या एका जाड कादंबरीनं. थोरला भाऊ श्रीकांत दुपारच्या बसनं पांढुर्ण्याहून आला, तर पाण्याचा तांब्या देतादेताच त्या सुरू झाल्या.

“दादा, तू हे वाचच! कोर्टातली गोष्ट आहे. खुनाचा खटला, अन् साक्षीदारांची उलटतपासणी कोण घेते माहीत आहे? एआय! कॉम्प्युटरची बुद्धी! दोनदा वाचलं मी, तरी जीव वरखाली होऊन राहिला.”

“कोर्टाचं नावच नको काढू. उद्या तिथंच उभं राहायचं आहे मले.”

ते खरंच होतं. तिगावजवळ श्रीकांतचा जावई गजेंद्र याच्या गाडीखाली एक सायकलवाला गेला होता. गाडी गजेंद्रचा नोकर श्रावण चालवत होता, असं मागच्या सीटवर बसलेल्या श्रीकांतनं पोलिसांना सांगितलं होतं. उद्या न्यायाधीशांपुढं तेच सांगितलं, की श्रावण तुरुंगात. उर्मिलाबाईंचा जीव त्याच्यासाठी तुटायचा. पण दादा खोटं बोलेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

“म्हणून तं ऐक. भीती जाईन तुझी. पण आमच्या बुवांचा नियम इथंही आहे हं. आख्यान सुरू झालं, की मधून उठायचं नाही.”

“वाच बाप्पा. तुझ्यापुढं कोणाचं चाललं?”

त्यांनी पुस्तक पोथीच्या चौरंगावर ठेवलं, सवयीनं नमस्कारही केला आणि अकरावं प्रकरण उघडलं. अंगणात ऊन लख्ख होतं. बुवांसारखाच खडा आवाज लावून त्या वाचू लागल्या.

“‘साक्षीदार, गाडी थांबली तेव्हा चालकाची सीट पुढे होती की मागे?’”

उर्मिलाबाई अडखळल्या. या पुस्तकात गाडी कुठली? खून तर तेराव्या मजल्यावर झाला होता. आपलंच पान सुटलं असेल, असं वाटून त्यांना उलट हुरूप आला.

“पाह्य, काय बारीक प्रश्न आहे!”

“मागे होती,” श्रीकांत सहज बोलून गेला. “पाय लांब आहेत त्याचे.”

त्यांनी पुढची ओळ वाचली. “‘मागे होती. पाय लांब आहेत त्याचे.’”

श्रावण जेमतेम पाच फुटांचा होता. जावई सहा फूट.

“मस्करी करून राहिली का, उर्मिले?”

त्यांनी पुस्तक त्याच्याकडे फिरवलं. शब्द छापलेले होते. पान जुनं, कडांना पिवळं पडलेलं.

श्रीकांत उठायला गेला. अर्धवट उठला, आणि कुणी खांद्यावर हात ठेवावा तसा पुन्हा बसला.

पुस्तक फिरवून घेऊन त्या वाचत राहिल्या. थांबवतच नव्हतं.

“‘चावी कोणी काढली?’”

“गजेंद्रनं.”

“‘गजेंद्रनं.’”

घरात दोघांचाच आवाज होता.

“बंद कर ते!” श्रीकांत ओरडला. “माझ्या पोरीचा संसार आहे. उद्या मी श्रावणचंच नाव घेईन.”

त्यांनी पुस्तक मिटलं. पुढची ओळ पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात त्या मागच्या बाकावर बसल्या होत्या. देवाचं नाव घेत होत्या. श्रीकांतनं शपथ घेतली. मग कुणाचं ऐकावं तशी त्यानं मान डावीकडे कलवली.

“नाही. श्रावण गाडीत नव्हता.”

थोडा वेळ गेला. त्यानं मान डोलावली.

“घरून बोलावलं त्याले. मागाहून.”

या वेळी तो बराच थांबला.

“मीच. मीच म्हटलं त्याले, गुन्हा स्वतःवर घे.”

श्रावण सुटला! उर्मिलाबाईंचे हात आपोआप जोडले गेले, डोळे भरून आले. त्याच भरल्या डोळ्यांनी त्यांनी सरकारी वकिलांकडे पाहिलं.

वकील अजून फाइलची नाडी सोडत होते. त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता.