उणं चिन्ह आणि सुलतानपूरची गाडी

"उणं चिन्ह राह्यलं तुमचं."

मेहकरच्या बसस्टँडवर, बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला. संजीवनीने वहीवर हात आडवा धरला. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती ती. जानेफळच्या गाडीची वाट पाहत गणित सोडवत बसली होती. बोलणारा होता त्याच कॉलेजचा, शेवटच्या वर्षाचा, सुलतानपूरचा राजकुमार. मांडीवर उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा पुडा.

"दुसऱ्याच्या वहीत पाहायची सवय आहे काय तुम्हाले?"

"वहीत नाही... उत्तरात पाह्यलं."

गणित असं होतं : जस्तावर आम्ल ओतलं, हायड्रोजन निघाला, तर पसरताना त्या वायूने काम किती केलं?

"भांडं तर उघडं आहे," ती म्हणाली. "दट्ट्या नाही, काही नाही. मग काम कायचं?"

"वर हवा आहे न. वायूले बाहेर यायचं तर तिले सारावं लागते. त्यात त्याची ऊर्जा जाते... म्हणून उणं."

तिने निमूट रेघ ओढली. तेवढ्यात सुलतानपूरची गाडी लागली. तो हलला नाही.

"गाडी जाऊन राह्यली तुमची."

"दुसरी येते," म्हणत त्याने शेंगांचा पुडा मधोमध सरकवला.

तो हिवाळा संजीवनीला अजून आठवतो. उन्हाने कोमट झालेलं बाक, शेंगांची वाफ, आणि समजावताना हवेत रेघा ओढणारं त्याचं बोट... 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. पण बोलणं काही गणितापुढे सरकेना. गणित सुटलं की राजकुमार गप्प.

आणि इकडे घरी तिला पाहायला पाहुणे यायचे ठरले. तोही परीक्षा झाली की पुढे शिकायला अमरावतीला जाणार होता.

त्या आठवड्यात तिने शेवटचं गणित त्याच्यापुढे धरलं. त्याच्या कपाळावर आठी पडली.

"भांडं लोखंडाचं, बंद. आकारमान बदलतच नाही. काम शून्य. हे तर तुले येते न?"

"येते."

"मग काऊन चुकली?"

"बरोबर सोडवलं असतं तर तू गाडीत बसून गेला असता."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"संजीवनी... तुह्याबिगर मन नाही लागायचं मले तिथं. थांबशील?"

"रविवारी पाहुणे येऊन राह्यले." तिने वही मिटली. "मी आज घरी सांगतो. तू फक्त पाय मागं घेऊ नको."

"नाही घेत."

संध्याकाळी वडील, शालिग्राम, वांग्यांना पाणी देत होते. ती बांधावर उभी राहिली.

"बाबा, पाहुण्यांले नाही म्हणा. मले सुलतानपूरचा राजकुमार पसंत आहे."

त्यांच्या हातातलं फावडं थांबलं. "बोलते काय तो तुह्याशी?"

"गणितं."

"अन् लग्नाचं?"

"आज बोलला. पह्यल्यांदा."

शालिग्रामांनी फावड्याने पाणी पुढच्या सरीत वळवलं. "मी तर तुह्या मायशी तेवढंबी बोललो नव्हतो," ते म्हणाले. "बोलाव त्याले रविवारी."

रविवारी राजकुमार आला. तो आणि शालिग्राम ओट्यावर शेजारी शेजारी बसले ते तासभर. दोघांपैकी कुणीच बोललं नाही. दाराआडून पाहत उभ्या असलेल्या लेकीच्या हातात चहाचा ट्रे देत सरस्वतीबाई कानाशी कुजबुजल्या, "जमलं म्हणायचं."