डाव्या कुलपाची किल्ली

"शिक्का चोरीला गेलाय, शैलजाताई! पेटी रिकामी आहे. ताबडतोब या."

सकाळी सातला गुरुनाथ शेवडे यांचा फोन आला तेव्हा शैलजा चहात टोस्ट बुडवत होती.

"पोलिसांना कळवलंत?" तिने विचारलं.

"पोलीस नकोत. चोर घरातलाच आहे. दुपारच्या आत तुम्ही तसं लेखी द्या, म्हणजे झालं."

शैलजा शिकागोत खाजगी तपासाची कामं करायची. आयटीतली नोकरी गेल्यापासून रवी तिची गाडी चालवत होता. त्या सकाळी डेव्हन ॲव्हेन्यूवर बर्फाचे ढीग होते आणि पार्किंग कुठेच नव्हतं. चौथ्या फेरीला रवी स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाला, "चोर सापडेल यार, जागा नाही सापडणार!"

गुरुनाथांचं छोटं संग्रहालय साडीच्या दुकानावर होतं. आत बाहेरच्याइतकाच गारठा. रवी हीटर वाढवायला सरळ भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे गेला.

खोलीच्या मध्यभागी सागवानी पेटी होती. तिला दोन कुलपं होती, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. वर पाटी होती: 'दोन किल्ल्या, एक विश्वास'.

"आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ब्रिटिशांची एक वकिलात होती, तिचा शिक्का ठेवायची ही पेटी," गुरुनाथ म्हणाले. "उजवी किल्ली साहेबाची, डावी देशी कारकुनाची. दोन्ही लागल्याशिवाय पेटी उघडत नाही. देशी माणसाला काम शिकवताना केवढा विश्वास टाकला होता, बघा! शहरातल्या वकिलातींत नव्याने लागलेली स्थानिक मंडळी आज दुपारी इथे प्रशिक्षणाला येताहेत. बॉस्टनहून तज्ज्ञ येताहेत शिक्का तपासायला. आणि नेमका शिक्काच नाही!"

"तुमची किल्ली कुठे होती?"

"काल इथे जेवताना टेबलावर राहिली होती. ती कुणीही नेली असेल. पण डावी किल्ली इलाची. ती इलाशिवाय कुणाकडे नसते. आता तुम्हीच हिशेब करा."

इला पेडणेकर संग्रहालयाची मार्गदर्शक होती. ती खुर्चीच्या कडेला बसली होती, कधीही उठायला सांगतील अशी.

"ही किल्ली माझ्या पणजोबांची," ती म्हणाली. "सखाराम पेडणेकर, त्या वकिलातीतले कारकून. साहेबाने त्यांना वकिलातीचं सगळं काम शिकवलं होतं. मग एका खोट्या कागदावर वकिलातीचा शिक्का सापडला. साहेब म्हणाला, तुझ्या किल्लीशिवाय पेटी उघडत नाही, म्हणजे तू सामील आहेस. त्यांना काढून टाकलं. अलिबागला परत आले ते ही किल्ली घेऊन. आमच्याकडे ती देव्हाऱ्यात असायची." तिने किल्ली शैलजापुढे धरली. "आणि आज गुरुनाथकाका मला तेच वाक्य ऐकवताहेत. तेच! मी काय बोलू?"

"काल रात्री किल्ली कुठे होती?"

"माझ्याकडे." उत्तर जरा जास्तच लवकर आलं.

"आणि आज सकाळी?"

"मी आणि केया नऊ वाजता एकदमच आलो. पेटीला कुलूप होतं. काकांनी आमच्यासमोर दोन्ही किल्ल्या लावून उघडली. आत काही नव्हतं."

केया अमेरिकेतच जन्मलेली, कॉलेजात शिकणारी. रविवारी ती इथे मुलांचे वर्ग घ्यायची. ती शैलजाला जिन्यात गाठून म्हणाली, "मावशी, ते इलाताईला फायर करणार? इट्स सो अनफेअर!"

"तू मला काही सांगत नाहीयेस, केया."

केयाने ओठ चावला. "ओके. काल मी तिचा कोट घालून गेले, चुकून. सगळे काळे पफर सेमच दिसतात ना! नेपरव्हिलला घरी पोचले, तर खिशात किल्ली. सकाळी आणून दिली. ती म्हणाली, कुणाला सांगू नकोस. किल्ली अंगावेगळी केली तर नोकरी जाते, असा काकांचा रूल आहे."

"काकांचा तर तुमच्यावर फार विश्वास आहे!"

"राइट?" केया हसली. "खरं तर काकांनी पेटी ऑक्शनमध्ये घेतली, शिक्का आतच होता. इलाताई पुढच्या वर्षी आली, तेव्हा ही डावी किल्ली आली. आधी पाटीही नव्हती."

"शिक्का कसा होता?"

"सुपर! मुलं मेणात उठवायची. एकेक अक्षर शार्प, अगदी नव्यासारखं."

शैलजाने दोन्ही किल्ल्या मागून घेतल्या. उजवी फिरवली, तर आत 'खट्' झालं. डावी गोल फिरली, पूर्ण फेरा घेऊन परत जागेवर आली. आवाज नाही.

"तेल छान घातलंय," रवी म्हणाला. मग कुजबुजला, "ताई, केस सोपी आहे. डावी किल्ली रात्रभर केयाकडे, उजवी टेबलावरून उचलली. केयाच!"

शैलजाने कपाळाला हात लावला. "अरे, नेपरव्हिलला घरी गेलेली पोरगी टेबलावरची किल्ली परत ठेवायला केव्हा आली? जाऊ दे. तुझा थर्मोस्टॅट लागला का?"

"कसला लागतोय! आकडा चढतो, खोली थंडच. इला म्हणाली, खरं बटण खाली मालकाकडे आहे. हे नुसतं भिंतीवर ठोकलंय, भाडेकरूंना बरं वाटावं म्हणून. डोकं फिरलंय माझं."

शैलजा एकदम थांबली. तिने थर्मोस्टॅटकडे पाहिलं, मग पेटीकडे.

"रवी, सगळ्यांना बोलाव."

सगळी पेटीभोवती उभी राहिली. शैलजाने झाकणाला पुन्हा कुलूप लावलं होतं.

"इला, ही घ्या तुमची किल्ली, मुठीत घट्ट धरा," शैलजा म्हणाली. "सोडू नका."

तिने फक्त उजवी किल्ली लावली. खट्. झाकण वर आलं.

इलाने मूठ उघडून किल्लीकडे पाहिलं.

"डावं कुलूप खोटं आहे," शैलजा म्हणाली. "त्याला आत काहीच जोडलेलं नाही, या थर्मोस्टॅटसारखं. साहेबाला देशी माणूस शिकवून तयार हवा होता, पण त्याच्यावर विश्वास मात्र ठेवायचा नव्हता. म्हणून त्याला फिरवायला एक किल्ली दिली. पेटी साहेब एकटाच उघडू शकत होता. आणि काही बिनसलं, तर दोष द्यायला दुसरा किल्लीवाला तयार होताच."

"मला हे ठाऊक नव्हतं!" गुरुनाथ म्हणाले.

"होतं. तुम्ही पेटी घेतलीत, तेव्हा डावी किल्ली अलिबागला देव्हाऱ्यात होती. तरी आतला शिक्का तुमच्या हाती आला. कसा?"

गुरुनाथांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"केयाही एका किल्लीने चोरी करू शकली असती," रवी हट्टाने म्हणाला.

"एक किल्ली पुरते हे माहीत नसताना, कुणी एकच किल्ली कशाला उचलेल? आणि रवी, सकाळी सातला मला यांचा फोन आला. 'पेटी रिकामी आहे,' असं यांनी सांगितलं, तेव्हा डावी किल्ली नेपरव्हिलहून यायची होती. या मुली आल्या, तेव्हा पेटीला कुलूप होतं. मग ती रिकामी आहे हे यांना कसं कळलं? एकट्याने उघडली असेल, तर एका किल्लीने उघडते हे ठाऊक होतं, आणि तरी यांनी इलावर आळ घेतला. उघडली नसेल, तर शिक्का कुणी काढला हे यांना आधीच ठाऊक होतं."

"पण का, काका?" केयाने विचारलं.

"वर्षानुवर्षं वापरलेला शिक्का झिजतो," शैलजा म्हणाली. "मुलांच्या मेणात तर अक्षरं नव्यासारखी उठत होती. शिक्का नकली आहे. बॉस्टनच्या तज्ज्ञांनी तो हातात घेताच ओळखला असता. गुरुनाथजी, लिलावात फसवणूक झाली असं सांगितलं असतंत, तर लोक थोडे हसले असते. एवढंच."

गुरुनाथांनी ओव्हरकोटाच्या आतल्या खिशातून शिक्का काढून पेटीवर ठेवला. "माझं नाव गेलं असतं," ते पुटपुटले.

"म्हणून माझं घालवलंत?" इला म्हणाली.

ते खाली मान घालून बाहेर गेले. जिन्यात त्यांची पावलं बराच वेळ वाजली.

"म्हणजे पणजोबा निर्दोष होते," इला म्हणाली.

"त्यांची किल्ली काहीच सिद्ध करत नव्हती. त्यांना काढायला दुसरा पुरावा नव्हता."

"चार पिढ्या आम्ही हिला हळदीकुंकू वाहिलं, ताई. हिने कधी काही उघडलंच नव्हतं." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "कुणाशी भांडू आता? मेलेत सगळे."

खालून माणसांचे आवाज आले. प्रशिक्षणाची मंडळी बूट आपटून बर्फ झाडत जिना चढत होती. केया खुर्चीवर चढली आणि तिने विश्वासाची पाटी उतरवली.

रवीचा हात सवयीने थर्मोस्टॅटकडे गेला आणि वाटेतच खाली आला.

पहिली पाहुणी आत आली. कुठल्याशा वकिलातीतली तरुण मुलगी, गळ्यात नवं कोरं ओळखपत्र. इलाने डोळे पुसले आणि सखाराम पेडणेकरांची किल्ली तिच्यापुढे धरली.

"या. ही डावीकडे लावा आणि फिरवा," ती म्हणाली. "आणि काय ऐकू येतं, ते मला सांगा."